ग्वाल्हेरच्या दगडी घरात हॉट अँड कोल्ड एसी स्वतः बसवताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीची जेवणं आटोपली की आतल्या खोलीत सिगडी येते. दारं-खिडक्या लोटून घेतात आणि घरातली वडीलधारी माणसं तिच्याभोवती हात शेकत बसतात. आमच्याकडेही हेच चालायचं. एकदा सकाळी आई उठली तीच डोकं धरून. मळमळत होतं, पायात त्राण नव्हतं. खोलीत धूर नव्हता, वासही नव्हता, आणि भीती नेमकी तिथेच असते: बंद खोलीत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला ना वास ना रंग. त्या दिवसापासून सिगडी अंगणात गेली ती कायमची.

मग 2000 वॅटचा रूम हीटर आणला. खोली गरम व्हायची, पण बिल बघून आईच तो बंद करायची आणि दोन रजया घेऊन झोपायची. तीच खोली मे महिन्यात भट्टी होते. थंडीत बाहेर 4-5 अंश आणि उन्हाळ्यात 45-46, असं हे आपलं गाव. दोन्ही टोकं सांभाळणारं एकच यंत्र म्हणजे बाजारात ज्याला हॉट अँड कोल्ड एसी म्हणतात तो, म्हणजेच डक्ट नसलेला हीट पंप. गेल्या वर्षी तो मी आणि दादाने मिळून बसवला. नळ्या जोडण्यापर्यंतचं काम आम्ही केलं. नायट्रोजन (गळती तपासायला) आणि व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढायला) यांसाठी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं, पण गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मापकाचा काटा मी स्वतः उभी राहून वाचला. तुम्ही यातलं किती स्वतः कराल ते तुमच्या हातावर ठरवा. सगळं मेकॅनिककडून करून घेणार असाल तरी त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते वाचून ठेवा.

हीटर विजेची उष्णता करतो: 1 युनिट वीज, 1 युनिट उष्णता. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. बाहेर 7 अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच, आणि आउटडोअरमधला, म्हणजे घराबाहेर बसणाऱ्या भागातला गॅस तिच्याहून थंड असल्यामुळे ती ओढून घेतो. उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर, हिवाळ्यात बाहेरची आत. दिशा बदलण्याचं काम चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह करतो. चांगलं मशीन 7 अंशांना विजेच्या साधारण तिप्पट उष्णता देतं. रात्री 6 तास 2000 वॅटची ऊब हवी असेल तर हीटरला 12 युनिट लागतात, याला 4 च्या आसपास.

आधी छत, मग टन

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, खोली केवढी? 12 बाय 14 म्हटलं की लगेच दीड टन. छत कशाचं आहे, हे कुणी विचारत नाही. आपल्या जुन्या घरांची छतं दगडी पटियांची, म्हणजे लांब सपाट शिळांची. गच्चीवर दुपारी अनवाणी चालून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते तळपायांना कळेल.

आमच्या खोलीचा हिशेब मांडते. 12 बाय 14 फूट म्हणजे 15.6 चौरस मीटर छत. दगडी पटियाच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असला की सुमारे 3.5 वॅट उष्णता जाते. मे महिन्याच्या दुपारी उन्हाने तापलेल्या गच्चीचं तापमान 65 धरलं आणि खोलीत 26 हवे असले, तर 39 अंशांचा फरक. गुणाकार केला की 2100 वॅट होतात. 1 टन म्हणजे 3500 वॅट. म्हणजे दीड टनातला 0.6 टन नुसत्या छताशी झगडण्यात जातो. भिंती, खिडक्या, माणसं अजून मोजलीच नाहीत.

गच्चीला पांढरा चुना किंवा पांढरी परावर्तक रंगरंगोटी केली तर दुपारचा हा आकडा बराच उतरतो, आणि ते काम एका रविवारी होतं. पण चुना हिवाळ्यात काही कामाचा नाही. रात्री ऊब पटियांमधून वर निसटतच राहते: आत 20 आणि बाहेर 5 असेल तर 800 वॅटच्या वर. दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो तो इन्सुलेशनचा थर. गच्चीवर 50 मिलिमीटरचे एक्सपीएस (दाट फोमचे) बोर्ड अंथरून वर कोबा आणि फरशी केली, की उन्हाळ्यातले 2100 वॅट 350 च्या आसपास येतात. खर्च आहे. आम्ही तो या वर्षी केला, आणि एसीच्या आधी करायला हवा होता असं आता वाटतं. वरच्या मजल्यावर खोली असेल आणि छताला काहीच करणार नसाल, तर 12 बाय 14 साठी दीड टनच घ्या. छत झाकलेलं असेल, किंवा वर आणखी एक मजला असेल, तर एक टनाचा विचार नक्की करा.

विकत घेताना

स्टारच्या लेबलवरचा आयएसईईआर हा आकडा फक्त थंडाव्याचा असतो. 24 ते 43 अंशांमधलं बाहेरचं तापमान आणि वर्षाला 1600 तास धरून तो काढतात. हिवाळ्यात मशीन कसं चालेल याबद्दल तो काही सांगत नाही, आणि आपल्याकडचा मे 43 वर थांबत नाही. म्हणून लेबलपलीकडे जाऊन माहितीपत्रक मागा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. हीटिंगची क्षमता किती वॅट आहे. हीटिंगसाठी बाहेरचं कमीत कमी तापमान किती चालतं. थंडाव्यासाठी जास्तीत जास्त किती चालतं. ‘52 अंशांपर्यंत चालतो’ याचा अर्थ चालू राहतो एवढाच. त्या तापमानाला थंडावा किती उरतो ते वेगळं विचारा.

काही मशीनमध्ये गरम हवेसाठी आत फक्त विजेची कॉइल असते. तो मग हीट पंप उरत नाही, हीटरच होतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे हीटिंगच्या वेळी घेतलेली वीज आणि दिलेली उष्णता हे दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर ते मशीन सोडा.

इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) घ्या, गॅस आर-32 चा असू द्या, दोन्हीकडच्या कॉइल तांब्याच्या असू द्या. सोबत मिळणारा नळ्यांचा संच उघडून बघा. त्यात तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची नळी असेल तर तांब्याची, 0.8 मिलिमीटर जाडीची वेगळी घ्या. आर-32 चा दाब जुन्या आर-22 पेक्षा बराच जास्त असतो, पातळ नळीवर कंजुषी करू नका.

अमेरिकेत आधीच गॅस भरलेल्या आणि नुसत्या आवळायच्या नळ्यांचे संच मिळतात, त्यामुळे तिथे घरची माणसं व्हॅक्यूम पंपाशिवाय हे मशीन बसवतात. त्यांचे व्हिडिओ बघून इथे तसंच करू नका. आपल्या दुकानात मिळतो तो फ्लेअर नटचा एसी, म्हणजे नळीचं तोंड फुलवून (फ्लेअर करून) नटाने आवळायचा, आणि त्याला व्हॅक्यूम करावाच लागतो. दुसरं, स्वतः बसवल्यास वॉरंटी राहते का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. अनेक कंपन्या आपल्याच माणसाने सुरू करून दिल्याशिवाय वॉरंटी नोंदवत नाहीत. आमच्या मशीनला तशी अट होती, म्हणून सगळं झाल्यावर मशीन कंपनीच्या माणसासमोर सुरू केलं.

खरेदीची वेळ म्हणाल तर एप्रिल सोडून कधीही. हिवाळ्यात आपला व्यापार मेळा भरतो, 1905 पासूनचा. तिथे चार दुकानं एका फेरीत बघून होतात, आणि त्या दिवसांत मेकॅनिकलाही उसंत असते. मे महिन्यात तो एका दिवसात पाच एसी बसवतो. तुमच्या नळ्यांना अर्धा तास व्हॅक्यूम देणार कुठून?

जागा

आपल्या खोल्या 13 फूट उंच, म्हणून इनडोअर, म्हणजे खोलीतला भागही उंच टांगण्याची पद्धत पडली आहे. हीट पंपासाठी ते चूक. गरम हवा वर चढते आणि तिथेच बसते, खाली आई कुडकुडतेच. साडेसात फुटांच्या वर टांगू नका. पलंगाच्या थेट समोर नको, हवा खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल अशी भिंत निवडा.

आउटडोअर जुन्या दगडी छज्जावर कधीही ठेवू नका. पुढे आलेला पटिया वर्षानुवर्षं उभा आहे म्हणून कॉम्प्रेसरची थरथर सोसेल, असं नाही. गच्चीवर लोखंडी स्टँड, खाली रबरी गुट्ट्या, हे सगळ्यात बरं. मागे निदान अर्धा फूट, पुढे दोन-अडीच फूट मोकळं. कठड्याकडे तोंड केलंत तर फेकलेली गरम हवा परत मशीनमध्येच येते. तोंड पश्चिमेलाही नको, कारण लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, तिकडून येते आणि पंखा तिच्याशी भांडत बसतो. उत्तरेच्या बाजूला, वर सावली पण चहूबाजूंनी हवा, अशी जागा मिळाली तर सोनं. नळ्यांचं अंतर 3 मीटरपेक्षा कमी नको. माहितीपत्रकात दिलेल्या लांबीपेक्षा जास्त झालं तर दर मीटरला ठरावीक ग्रॅम गॅस वाढवावा लागतो, तो वजनकाट्यावर मोजून.

वीज

हे काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. मीटरपासून एसीसाठी स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). जुन्या वाड्यांमध्ये अर्थिंग नावाला असतं. वायरमनला मल्टीमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दाखवायला सांगा. 3-4 व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करा. मंजूर भार वाढवायचा असेल तर वीज कंपनीत अर्ज आत्ताच देऊन टाका.

इनडोअर-आउटडोअरमधल्या वायरीचे रंग आणि टर्मिनलचे आकडे यांचा मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही टोकांचा. इथे अदलाबदल झाली तर बोर्ड जळतं, आणि बोर्डाची किंमत ऐकून पश्चात्ताप होतो.

भिंतीला भोक

आमची भिंत 20 इंची. बाहेरून-आतून घडवलेला दगड, मध्ये चुना आणि गिट्टीचं भरण. हॅमर ड्रिल लावलं तर दगडाचा टवका उडतो आणि आतलं भरण ढासळतं. भाड्याने कोअर कटिंग मशीन आणा, 65 मिलिमीटरचा हिऱ्याचा बिट. आधी लांब बारीक बिटने आरपार एक भोक पाडून बघा, बाहेर नेमकं कुठे निघतं ते कळतं. मग पाणी सोडत, जोर न लावता कापा. मधल्या गिट्टीत बिट अडकतो. दादाने तिथे घाई केली आणि बिट काढायला दीड तास गेला.

भोक बाहेरच्या बाजूला सेंटिमीटरभर उतरतं हवं, म्हणजे पाणी आत येणार नाही. कापून झालं की त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा घाला. भरण ढासळत नाही, उंदरांनाही वाट राहत नाही. इनडोअरची पट्टी बसवताना स्क्रू दगडात घ्या, चुन्याच्या सांध्यात नको. चुना हाताने कुरतडला जातो, तो दहा-बारा किलोचं वजन काय धरणार.

पाण्याच्या नळीला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार, मध्ये कुठेही पोट नको. इनडोअर बंद करण्याआधी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडताना डोळ्यांनी बघा. ही दोन मिनिटांची परीक्षा टाळली की जुलैत भिंतीवरून ओघळ येतात.

सांधे

नळी कापायला पाइप कटरच वापरा, करवत नको. कटर हळूहळू आवळत फिरवा. आतली धार काढताना नळीचं तोंड खाली धरा, म्हणजे तांब्याचा कीस आत पडणार नाही. नट आधी नळीत घाला. फ्लेअर करून झाल्यावर नट घालायचा राहिला हे लक्षात येणं, ही प्रत्येकाची एकदाची शिकवणी आहे. फ्लेअर झाल्यावर उजेडात धरून बघा: कड सगळीकडे सारखी रुंद, चकचकीत, कुठे तडा नाही, ओरखडा नाही. मनाला पटला नाही तर कापा आणि पुन्हा करा. मी पहिले तीन फ्लेअर फेकले.

मागच्या बाजूला रेफ्रिजरेशन तेलाचा एक थेंब लावा, नट बोटांनी चार-पाच फेरे सहज जाईल तोवर फिरवा, मग दोन पाने लावा: एकाने धरायचं, एकाने आवळायचं. पाव इंची नटाला साधारण 15 ते 18 न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचीला 50 ते 60. टॉर्क रेंच मिळत असेल तर आणा, आणि आकडा तुमच्या माहितीपत्रकातला घ्या. सैल राहिला तर गॅस जातो, फार आवळला तर फ्लेअर चिरतो आणि तरीही गॅस जातोच.

यानंतर नायट्रोजन. सुका नायट्रोजन भरून नळ्यांमध्ये दाब धरा, सांध्यांवर साबणाचा फेस लावा आणि अर्धा-एक तास काटा हलतो का बघा. किती दाब द्यायचा ते माहितीपत्रकात असतं. कुणी ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आलं तर काम तिथेच थांबवा. दाबातला ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो.

व्हॅक्यूम

आमच्या आधीच्या, फक्त थंड करणाऱ्या एसीच्या वेळी बसवणाऱ्याने पंप आणलाच नव्हता. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून नळ्यांमधली हवा त्याने ‘उडवली’. दोन मिनिटांत काम झालं, आम्ही चहा पाजला. दुसऱ्या उन्हाळ्यात थंडावा गेला, तिसऱ्यात कॉम्प्रेसर. तो कशाने गेला हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं: हवेसोबत ओल राहते, ओलीने तेलात आम्ल तयार होतं, आणि ते कॉम्प्रेसरला आतून खातं.

म्हणून या वेळी मेकॅनिकला दारातच विचारलं, “भैया, वैक्यूम पंप लाए हो?” त्याने पंप आणला होता. तुम्हीही फोनवरच विचारा.

मॅनिफोल्डची (गेज आणि व्हॉल्व्ह असलेल्या जोडणीची) नळी जाड लाइनच्या, म्हणजे जाड नळीच्या सर्व्हिस पोर्टला, मधली पंपाला. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवायचे. गेज आर-32 चं असावं, आर-22 चं जुनं चालत नाही. पंप निदान 20 ते 30 मिनिटं. काटा पहिल्या दोन मिनिटांतच तळाला जातो आणि बसवणारा म्हणतो झालं. झालेलं नसतं. साधा काटा हवा गेल्याचं सांगतो, ओल गेल्याचं नाही. ओल पाण्याच्या वाफेच्या रूपात हळूहळू निघते, आणि ती निघाली हे मायक्रॉन गेजवरच (अगदी बारीक दाब मोजणाऱ्या मापकावर) दिसतं: 500 मायक्रॉनच्या खाली. एक बारीक गोष्ट, आपलं गाव समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हवेचा दाब थोडा कमी आणि साधा काटा पाऱ्याच्या 30 इंचांवर जात नाही, 29 ला थांबतो. घाबरू नका.

मग आधी मॅनिफोल्डचा व्हॉल्व्ह बंद, नंतर पंप. उलटं केलंत तर पंपातली हवा आणि तेल आत जाईल. 15 मिनिटं थांबा. काटा चढला तर कुठेतरी गळतं आहे किंवा ओल उरली आहे. स्थिर राहिला तर ॲलन की घेऊन आधी बारीक लाइनचा व्हॉल्व्ह, मग जाड लाइनचा पूर्ण उघडा. नळीतून गॅस जाताना एक मऊ, लांब सुस्कारा ऐकू येतो. गेज काढा, पितळी टोप्या आवळा, पुन्हा एकदा फेस लावा. आर-32 मंद जळणारा गॅस आहे, या सगळ्या वेळात खोलीच्या खिडक्या उघड्या आणि आसपास उदबत्तीसुद्धा नको.

नळ्यांच्या काळ्या स्पंजवर टेप गुंडाळून तसंच सोडू नका. माकडं तो एका दुपारीत सोलतात. गच्चीवरचा सगळा भाग पीव्हीसी केसिंगमध्ये घाला.

पहिली सुरुवात आणि पहिला जानेवारी

थंड मोडवर 20 मिनिटं चालवा. इनडोअरमध्ये शिरणारी हवा आणि त्यातून बाहेर येणारी हवा यांत 10-12 अंशांचा फरक हवा. मग गरम मोड: तोंडाशी 40 च्या वर. दोन्ही आकडे, विजेचा अँपिअर आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पुढे कुणी ‘गॅस कम है’ म्हणालं तर ताडून बघायला तुमच्याकडे काहीतरी असेल. गरम मोड चालू असताना मात्र सर्व्हिस पोर्टला गेज लावू देऊ नका. त्या वेळी जाड लाइनमध्ये कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब असतो.

हिवाळ्यात पाणी आउटडोअरमधून टपकतं, इनडोअरमधून नाही. त्याच्या तळाला कोपराची नळी लावा, नाहीतर गच्चीवर शेवाळ धरतं. हवेची पाती खाली वळवा, 20-21 अंशांवर ठेवा, चालू-बंद करत बसू नका. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, आणि आंधी येऊन गेली की आउटडोअरच्या जाळीवर साध्या पाण्याचा हलका फवारा, वीज बंद करून.

जानेवारीत धुक्याच्या एका रात्री, साडेतीनच्या सुमारास आईने मला उठवलं. एसीतून गरम हवा येत नव्हती, दिवा लुकलुकत होता, आणि गच्चीवरून कसला तरी फुसफुस आवाज येत होता. टॉर्च घेऊन वर गेले. आउटडोअरच्या पंख्याभोवती पांढरी वाफ उठत होती, जाळीवरचं दव गोठून बर्फ झालं होतं आणि ते वितळून खाली ठिबकत होतं. मशीन स्वतःचा बर्फ काढत होतं. त्याला डीफ्रॉस्ट म्हणतात, आणि दमट थंडीत तासा-दोन तासांनी पाच-दहा मिनिटं तो होतोच. खाली आले तोवर पुन्हा ऊब सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी रिमोटच्या मागे चिठ्ठी चिकटवली: ‘मधे थांबला तर बंद करू नकोस, दहा मिनिटं वाट बघ.’